गाजावाजा की कानगोष्ट? आधी मागणी काय ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नागपूरला राज्यशास्त्रात एम.ए. करतायत. ते म्हणतात, "दुसऱ्या देशात एखाद्या धर्माच्या, पंथाच्या किंवा धर्मच न मानणाऱ्या लोकांचा छळ होत असेल, तर परराष्ट्र धोरणातून त्यांना खरंच वाचवता येतं का? की हे सगळं सोयीचं ढोंग आहे? आणि बोलायचंच झालं तर जाहीर बोलावं की बंद दाराआड?" जाता जाता या कामात यायचं तर काय शिकावं, हेही त्यांनी विचारलंय.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळची सोलापूरची वकील. चार वर्षं फौजदारी कामं केली, मग वाट वळली ती थेट जिनिव्हाकडे, जिथे संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकारांचं काम चालतं. गेली एकवीस वर्षं श्रद्धेपायी तुरुंगात पडलेल्या माणसांच्या फायली तयार करते आणि वेगवेगळ्या देशांच्या शिष्टमंडळांच्या हातात ठेवते. मी राजदूत नाही. राजदूताच्या खिशात जो कागद असतो, तो लिहिणाऱ्यांपैकी एक आहे. त्यामुळे मला दिसतं ते कागदाच्या बाजूने.

"जाहीर की गुपचूप" हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि मी उलट विचारते: मागणार काय आहात? "तुमच्याकडच्या अल्पसंख्याकांचं रक्षण करा" ही मागणी नव्हे. समोरचा अधिकारी म्हणतो, "आमची राज्यघटना सगळ्यांना समान मानते." चहा येतो, बिस्किटं येतात, बैठक संपते. मागणी कशी असते? अमुक कैद्याचं अपील तीन वर्षं पडून आहे, त्याला तारीख लावा. अमुक गावातल्या प्रार्थनाघराचा परवाना जिल्हाधिकाऱ्याने अडवलाय, तो निकाली काढा. कैद्याला त्याचा वकील भेटू द्या. अशी मागणी पुढ्यात आली की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि हो म्हणायला त्याला फार काही गमवावं लागत नाही. जाहीर की खासगी हे त्यानंतर ठरतं, आणि तेही दर प्रकरणात वेगळं.

ते कशावर अवलंबून असतं? छळ सरकार करतंय की जमाव करतोय आणि सरकार त्याला घाबरतंय. तिथली न्यायालयं थोडीफार तरी स्वतःच्या पायावर उभी आहेत का. त्या देशाला तुमच्याकडून काही हवंय का. आणि तुम्ही स्वतः कोण आहात, म्हणजे तुमच्या बोलण्याला तिथे वजन आहे की तुमचं नाव ऐकूनच लोक भडकतात. यातली एक गोष्ट बदलली तरी माझं उत्तर बदलतं.

पाकिस्तानचं उदाहरण घेते, कारण तिथला कायदा आपल्या वकिलांना परका नाही. भारतीय दंड संहितेतलं २९५ हे कलम इंग्रजांचं. १९२७ मध्ये त्यात २९५-अ जोडलं गेलं, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं. आपल्याकडे ते आता न्याय संहितेत २९९ या आकड्याखाली नांदतंय. पाकिस्तानात लष्करशहा जनरल झियांच्या काळात त्याच कलमाला शेपट्या फुटल्या: १९८२ मध्ये २९५-बी, १९८६ मध्ये २९५-सी. पैगंबरांची निंदा केल्यास देहदंड. मी पहिल्यांदा तिकडची एक एफआयआर वाचली तेव्हा अंगावर काटा आला तो त्यातल्या मजकुराने नव्हे, ओळखीने. तोच साचा, तीच "फिर्यादी याने समक्ष हजर राहून" थाटाची भाषा, आणि शेवटी फाशी.

आसिया बीबीचं प्रकरण तुम्हाला माहीत असेल. जून २००९, पंजाबातलं एक खेडं, फालसा तोडणाऱ्या मजूर बायका, आणि एका ख्रिस्ती बाईने आणलेलं पाणी प्यायचं की नाही यावरून भांडण. त्यातून ईशनिंदेचा गुन्हा, २०१० मध्ये फाशीची शिक्षा. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर जानेवारी २०११ मध्ये मारले गेले, त्यांच्याच अंगरक्षकाच्या हातून. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी. आता विचार करा, त्या वर्षी बाहेरच्या एखाद्या पंतप्रधानाने टीव्हीवर येऊन "तिला सोडा" असं ठणकावलं असतं तर काय झालं असतं? तुरुंगाबाहेरचा जमाव दुप्पट झाला असता. त्या काळात खरं काम होतं ते तिला जिवंत ठेवण्याचं: वेगळी कोठडी, अन्नाची तपासणी, वकिलाला संरक्षण. हे सगळं कानात सांगायचं असतं.

२०१८ च्या ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. साक्षीदारांच्या जबाबांत मेळ नव्हता, हे न्यायमूर्तींनी तपशिलात दाखवलं. निकालाविरुद्धच्या निदर्शनांनी रस्ते तीन दिवस बंद पडले. २०१९ च्या जानेवारीत फेरविचार अर्ज फेटाळला गेला आणि मे महिन्यात ती कॅनडात पोचली. या टप्प्यावर बाहेरच्यांचं काम वेगळं होतं: घेणारा देश तयार ठेवणं, कागदपत्रं, विमान. त्यात मोठा आवाज लागत नाही, व्हिसा लागतो. आमच्या कामात हा भाग सगळ्यात कमी दिसतो. निर्दोष सुटलेल्या माणसाला स्वतःच्या गावात राहता येत नाही. त्याला कुठेतरी दार उघडं लागतं, आणि ते दार फक्त परराष्ट्र खातंच उघडू शकतं.

आता याच देशातलं दुसरं प्रकरण, जिथे आवाज उपयोगी पडला. गोजरा गावातलं एक ख्रिस्ती जोडपं, नवरा पाठीच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेला. आरोप असा की त्यांनी फोनवरून निंदेचे संदेश पाठवले, तेही इंग्रजीत. दोघांना धड लिहितावाचता येत नव्हतं. २०१४ मध्ये फाशीची शिक्षा झाली, आणि मग लाहोरच्या उच्च न्यायालयात अपील वर्षानुवर्षं पुढे ढकललं जात राहिलं. न्यायाधीशांना दोष देणं सोपं आहे. सोडलं तर घरी जाताना गोळी, अशी भीती असेल तर फाईल खाली सरकवणं हा माणसाचा स्वभाव आहे.

२९ एप्रिल २०२१ ला युरोपीय संसदेने ठराव केला. बाजूने ६८१ मतं, विरोधात ३. ठरावात या जोडप्याचं नाव होतं आणि आणखी एक गोष्ट होती जी इस्लामाबादला जास्त बोचली: पाकिस्तानला मिळणाऱ्या जीएसपी प्लस या व्यापार सवलतीचा ताबडतोब फेरविचार करा. २०१४ पासून पाकिस्तानचे कपडे आणि चादरी या सवलतीमुळे युरोपात जवळपास बिनकराच्या जातात, आणि त्या बदल्यात २७ आंतरराष्ट्रीय करार पाळायचं पाकिस्तानने कबूल केलंय. नागरी व राजकीय हक्कांचा करार त्यातलाच एक. ३ जून २०२१ ला, म्हणजे पाच आठवड्यांनी, उच्च न्यायालयाने जोडप्याला निर्दोष सोडलं.

ठरावामुळेच सुटले असं मी म्हणणार नाही. पुरावा मुळातच ठिसूळ होता, त्यांच्या वकिलाने जिवावर उदार होऊन लढा दिला होता. पण अपिलाला तारीख लागणं आणि न लागणं यात फैसलाबादचे कापडगिरणीमालक येतात, हे मला पटलंय. कारण तेव्हा इस्लामाबादला फोन करणारे मानवाधिकारवाले नव्हते, निर्यातदार होते. म्हणजे दबाव बाहेरून आला, पण तो आत पोचवणारी माणसं घरचीच होती. जिथे अशी घरची माणसं नाहीत तिथे ठराव हवेत विरतो.

कायदा मात्र जागच्या जागी आहे. जमावाने ठेचून मारण्याच्या घटना तिथे होतच असतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, धोरणाचं यश मोजताना "माणूस सुटला" आणि "कायदा बदलला" हे दोन वेगळे रकाने ठेवा. पहिला कधीकधी भरतो.

जाहीर दबाव उलटतो कसा, याचं जुनं उदाहरण सोव्हिएत रशियातल्या ज्यूंचं. तिथे ज्यूंना देश सोडू देत नव्हते. १९७२ मध्ये तर शिकलेल्यांनी शिक्षणाचा खर्च परत करावा असा कर लावला. अमेरिकन काँग्रेसने जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती आणली: देश सोडू द्या, तरच व्यापारात सवलत. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांचं म्हणणं होतं की हे गुपचूपच जमेल, कायद्यात लिहू नका. १९७३ मध्ये सुमारे ३५ हजार ज्यू बाहेर पडले होते. जानेवारी १९७५ मध्ये कायदा झाला, मॉस्कोने व्यापार करारच झिडकारला आणि त्या वर्षी आकडा १३ हजारांच्या आसपास घसरला. किसिंजर बरोबर ठरले म्हणता? थांबा. १९७९ मध्ये तोच आकडा ५१ हजारांवर गेला, कारण रशियाला शस्त्रकरार हवा होता, गहू हवा होता. अफगाणिस्तानात फौजा शिरल्यावर पुन्हा दार बंद. म्हणजे दार उघडायचं की लावायचं ते मॉस्को त्या वर्षीची आपली गरज बघून ठरवत होतं. कायद्याने एक केलं, किंमत लिहून ठेवली. विकणारा तयार होईपर्यंत वाट पाहावी लागली.

व्हिएतनामचं गणित असंच, फक्त लहान. अमेरिकेत १९९८ साली आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायदा झाला. त्यात दरवर्षी जगभरचा अहवाल आणि "विशेष चिंतेचे देश" अशी यादी असते. व्हिएतनाम २००४ मध्ये यादीत गेला, २००५ मध्ये दोन सरकारांत करार झाला, काही कैदी सुटले, बंद पडलेली प्रार्थनाघरं उघडली, आणि २००६ मध्ये देश यादीतून बाहेर. त्याच सुमारास त्याला जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं होतं. शिरल्यावर अमेरिकेच्या हातातली चावी गेली. याउलट सौदी अरेबिया २००४ पासून यादीत आहे आणि राष्ट्रहिताचं कारण देऊन त्याला २००६ पासून सूट दिली जाते. हे ढोंग का? हो, आहेच की. पण यादीत नाव असल्यामुळे तिकडच्या अधिकाऱ्याला दरवर्षी एकदा तरी त्या विषयावर तोंड उघडावं लागतं, आणि तेवढ्या फटीतून मी एखादी फाईल आत सरकवलेली आहे. ढोंगाचाही उपयोग करून घेता येतो, एवढंच सांगते.

आता भारताकडे येऊ. तुम्हाला वाटत असेल की भारत असल्या भानगडीत पडत नाही, पण पडतो. २०११ मध्ये सायबेरियातल्या तोम्स्क शहरात सरकारी वकिलांनी खटला घातला: इस्कॉनच्या संस्थापकांनी लिहिलेल्या गीताभाष्याची रशियन आवृत्ती "अतिरेकी साहित्य" म्हणून जाहीर करा. डिसेंबरात लोकसभेत गदारोळ झाला, कामकाज थांबलं. परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा यांनी सभागृहात निवेदन केलं. दिल्लीतले रशियन राजदूत अलेक्झांडर कदाकिन यांनीही या खटल्यावर उघड नापसंती दाखवली. २८ डिसेंबरला न्यायालयाने मागणी फेटाळली, मार्च २०१२ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. इथे जाहीर गाजावाजा पूर्ण यशस्वी झाला. का? कारण मॉस्कोला या खटल्यात काडीचाही रस नव्हता. एका प्रांतातल्या वकिलांचा उत्साह, आणि दुसऱ्या पारड्यात भारताची मैत्री. असं प्रकरण वर्षातून एक मिळालं तरी मी पेढे वाटीन.

पण कथेचा पुढचा भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही. ज्या कायद्याखाली हा खटला झाला, तो अतिरेकविरोधी कायदा २००२ चा. भारताने पुस्तक वाचवलं, कायद्याबद्दल बोलला नाही. २०१५ मध्ये रशियाने त्यात दुरुस्ती केली: बायबल, कुराण, ज्यूंचा तनाख आणि बौद्धांचा कांजूर हे ग्रंथ यापुढे अतिरेकी ठरवता येणार नाहीत. यादीत गीता नाही. आणि एप्रिल २०१७ मध्ये याच कायद्याखाली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथावर देशभर बंदी घातली. घरात बसून बायबल वाचणाऱ्यांना सहा-सहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. त्यांच्यासाठी कुठल्या संसदेचं कामकाज थांबलं? (आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये याच पंथाच्या केरळातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत न म्हणता नुसतं उभं राहण्याचा हक्क दिला होता, म्हणजे भारताकडे बोलायला आधार होता.) मला इथे भारताला टोमणा मारायचा नाही, सगळेच असं करतात. फक्त आपल्यापुरतं मागितलं की आपल्यापुरतंच मिळतं, आणि कायदा तसाच दबा धरून राहतो.

आपल्यापुरतं मागण्यात आणखी एक खड्डा आहे. १७७४ च्या कुचुक कायनार्जा तहापासून रशियाने तुर्की साम्राज्यातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती रयतेचा कैवार घेतला, आणि त्याच कैवाराच्या वादातून १८५३ मध्ये क्रिमियाचं युद्ध पेटलं. त्या रयतेकडे मग "परक्यांची माणसं" म्हणून पाहिलं जाऊ लागलं. बाहेरच्या सरकारने एखाद्या गटाला "आमचे" म्हटलं, की त्या गटाचे शेजारी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. बांगलादेशातल्या हिंदूंबद्दल दिल्लीतून जोरदार विधान आलं की तिथल्या एखाद्या तालुक्याच्या गावात काय घडतं, हे तिथल्या लोकांना विचारून पाहा. काहींना धीर येतो, काहींना त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करावं लागतं. दोन्ही खरं.

नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली यांनी ८ एप्रिल १९५० ला दिल्लीत जो करार केला, तो म्हणूनच मी पुन्हा पुन्हा वाचते. दोन्ही देशांनी लिहून दिलं की अल्पसंख्याकांना समान नागरिकत्व, जीवित आणि मालमत्तेची सुरक्षा, पूजेचं स्वातंत्र्य मिळेल. आणि हेही लिहिलं की अल्पसंख्याकांची निष्ठा स्वतःच्या देशाशी असेल, गाऱ्हाणं त्यांनी स्वतःच्या सरकारकडेच न्यायचं. पूर्व बंगाल, पश्चिम बंगाल आणि आसामात आयोग नेमायचे ठरले. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि के. सी. नियोगी यांनी विरोधात मंत्रिपदं सोडली. पाळला गेला का? जितका पाळायला हवा होता तितका नाही, त्यानंतरही माणसं सीमा ओलांडत राहिली. पण त्यातली कल्पना मला अजून कामाची वाटते: मी तुझ्या नागरिकांचा पालक होत नाही, तू तुझं वचन पाळतोस का एवढंच विचारतो, आणि मलाही तेच विचारायची तुला मुभा आहे.

यातलं शेवटचं वाक्य आपल्याला झोंबतं. अमेरिकेचा धर्मस्वातंत्र्य आयोग २०२० पासून भारताला "विशेष चिंतेचे देश" या यादीत घाला असं सुचवतोय. आयोगाचं काम सल्ल्याचं; परराष्ट्र खात्याने आजवर ते ऐकलेलं नाही, आणि भारत सरकार ते अहवाल पक्षपाती म्हणून नाकारतं. २००५ मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांचा व्हिसा याच १९९८ च्या कायद्यातल्या तरतुदीवरून रद्द झाला होता. २०१४ मध्ये ते पंतप्रधान झाल्यावर तो विषय मागे पडला. या एका उदाहरणातून तुम्हाला हवं तर ढोंग सिद्ध करता येईल. मी वेगळी कसोटी लावते. अहवालातलं प्रकरण नावागावासकट आहे का, खरं आहे का, त्यात आपल्याच कायद्याचा भंग झालाय का? असेल तर ते अमेरिकेने सांगितलं म्हणून खोटं होत नाही. नसेल तर फेकून द्या. नागरी हक्कांच्या करारात भारत १९७९ मध्ये स्वेच्छेने सामील झालाय. आणि मार्च २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या धर्मस्वातंत्र्यविषयक विशेष प्रतिनिधी भारतात आल्या, सरकारच्या निमंत्रणावरून, तेव्हा त्या पदावर लाहोरच्या वकील अस्मा जहांगीर होत्या. एका पाकिस्तानी बाईला आपण देशभर फिरून बघू दिलं. भारताची पत त्याने घटली नाही. पुढच्या वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहताना ती उपयोगी पडते.

ही पत किती दुर्मीळ आहे, ते मोठ्या मंचांवर दिसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत चीनच्या शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांच्या स्थितीवर फक्त चर्चा ठेवावी का, यावर मतदान झालं. १७ बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ. विरोधात पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती. भारत तटस्थ. त्या दिवशी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलेल्या एका उइगुर बाईने मला विचारलं होतं, "आमचे लोक कोण?" मी पाण्याची बाटली पुढे केली, दुसरं काही सुचलं नाही.

तोम्स्कचं पूर्ण यश आणि शिनजियांगचं पूर्ण अपयश, इराणमधल्या बहाई पंथाचं प्रकरण या दोन टोकांच्या मधलं. या पंथाची माणसं महाराष्ट्राला नवी नाहीत. पाचगणीची न्यू एरा शाळा १९४५ मध्ये बहाईंनीच सुरू केली. इराणात १९७९ च्या क्रांतीनंतर दोनशेहून जास्त बहाई मारले गेले. जून १९८३ मध्ये शिराझला एका रात्रीत दहा बायकांना फाशी दिलं, सगळ्यांत लहान सतरा वर्षांची. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांत वर्षानुवर्षं ठराव झाले, अनेक देशांच्या संसदा बोलल्या, आणि फाशी हळूहळू थांबत गेल्या. पण १९९१ चं एक गोपनीय टिपण पुढे बाहेर आलं. त्यात धोरण सरळ लिहिलं होतं: त्यांची प्रगती अडवा, बहाई म्हणून ओळख सांगतील त्यांना विद्यापीठातून काढा. जगाचं लक्ष फासावर होतं, म्हणून फास गेला आणि प्रवेशअर्जावरचा धर्माचा रकाना आला. आवाजाने जीव वाचले, हे मी ठाम सांगते. पण आवाज जिथे पोचत नाही अशा जागा शोधून छळ करण्याइतकं सरकार हुशार असतं, तेव्हा फायलीत विद्यापीठाची नकारपत्रंही जोडावी लागतात.

आता कागदाच्या बाजूने काय दिसतं ते दाखवते, कारण पुस्तकांत हे नसतं. एखाद्या मंत्र्याचा दौरा ठरला की त्याच्यासाठी बोलण्याचे मुद्दे तयार होतात. व्यापार पहिला, संरक्षण दुसरा, व्हिसा तिसरा. आमचा विषय सातवा किंवा आठवा, आणि त्याला मिळतात साधारण चाळीस सेकंद. चाळीस सेकंदांत तीन नावं सांगता येतात. तीसजणांची यादी दिली की ती सहीसाठी दिलेल्या जाडजूड फाईलच्या पोटात जाते. त्यामुळे "कोणती तीन" हे ठरवणं ही माझ्या नोकरीतली सगळ्यांत वाईट दुपार असते.

सुरुवातीच्या काळात मी एक यादी दिली होती. त्यातल्या एका कैद्याचं नाव मी इंग्रजीत एका पद्धतीने लिहिलं, दूतावासाने दुसऱ्या, आणि तुरुंगाच्या वहीत तिसऱ्याच. उत्तर आलं: "या नावाचा कोणीही आमच्या ताब्यात नाही." तांत्रिकदृष्ट्या खरं होतं. माणूस आणखी पाच महिने आत राहिला, ते पाच महिने माझ्या नावावर आहेत. तेव्हापासून मी मूळ लिपीत नाव, बापाचं नाव, गाव, एफआयआर क्रमांक, कोर्ट आणि बराकीचा नंबर असं सगळं एका ओळीत लिहिते. सोलापूरच्या कोर्टातले कारकून हेच सांगायचे, "ताई, आधी नंबर लिहा, मग अन्याय लिहा."

आणि शेवटचा शब्द घरच्यांचा. एका कैद्याच्या बायकोने फोनवर मला सांगितलं होतं, "फोटो छापू नका, मुलीच्या शाळेत कळेल." आमच्या कार्यालयाने मोहिमेची पूर्ण तयारी केली होती, पोस्टर छापून झाली होती. सगळी रद्दीत घातली. दुसऱ्या एका प्रकरणात उलट झालं. भाऊ म्हणाला, गप्प राहून दोन वर्षं झाली, आता ओरडा. ओरडलो. जाहीर की गुपचूप याचं उत्तर धोरणाच्या पुस्तकातून काढणारा माणूस मला दिसला की मी त्याला असा एक फोन लावून देते.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाला इतकंच म्हणेन: जिथे मागणी नेमकी आहे, समोरच्याला तुमच्याकडून काही हवंय, आणि त्याच्या आतल्या कोणाला तरी तुमची मागणी सोयीची आहे, तिथे वाचवता येतं, एकेकाला. जिथे सरकारला स्वतःलाच छळ हवा असतो, तिथे वेग कमी करता येतो. कायदे बदललेले मी क्वचित पाहिलेत. सुदानने २०२० मध्ये धर्मत्यागाची फाशी रद्द केली, पण त्याआधी तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून राजवटच उलथली होती.

शिकायचं काय? आंतरराष्ट्रीय कायदा लागेल तेवढा शिकालच. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं अठरावं कलम मात्र त्याच्या इतिहासासकट वाचा. धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य त्यात असावं का यावर वाद झाला. सौदी अरेबिया मतदानात तटस्थ राहिला, तर पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी कुराणाचा आधार देत बाजू घेतली. ते अहमदिया होते, म्हणजे स्वतःला मुसलमानच मानणाऱ्या एका पंथाचे. १९७४ मध्ये त्यांच्याच देशाच्या राज्यघटनेने अहमदियांना मुसलमान नाही असं ठरवलं. मग नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या करारातलं अठरावं कलम शेजारी ठेवा, तिथे "बदलणे" हा शब्द जाऊन "स्वीकारणे" आलाय. एका क्रियापदासाठी किती देश भांडले ते बघा, म्हणजे मसुदा म्हणजे काय ते कळेल.

त्याहून महत्त्वाचं, एक भाषा शिका. फारसी, बर्मी, उइगुर, काहीही. उर्दू तुम्हाला अर्धी येतच असेल, लिपी तेवढी राहिली असेल, ती महिनाभराचं काम आहे. शक्य असेल तर सहा महिने एखाद्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिलाच्या हाताखाली बसा आणि जामीनअर्ज लिहा. आमच्याकडे परराष्ट्र धोरणावर निबंध लिहिणारे खूप येतात. एफआयआर वाचता येणारे फार कमी.